पोशाखासाठी फर: खरी की नकली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अस्वल, लांडगा, कोल्हा, राजाचा झगा, थंड मुलखातला शिकारी, असा फर लागणारा पोशाख हाताने बनवायला घेतला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच फरचा पोशाख शिवायला घेतलाय. खरी फर घेऊ की नकली?

नकली घ्या. खरी फर जास्त चांगली दिसते म्हणून तीच घ्यावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. पण दिसणं हा या निर्णयातला शेवटचा मुद्दा. पोशाखाला घाम किती लागणार, तो किती वेळा धुवावा लागणार आणि बघणारा किती लांब असणार, हे आधी ठरवा. अंगभर घालून नाचायचा पोशाख खऱ्या फरमध्ये शिवला, तर थोड्याच वापरांत आतलं कातडं कडक होतं, वास धरतं, आणि धुवायची सोय नसते. चार-पाच मीटरवरून बघणाऱ्याला चांगली नकली आणि खरी यांतला फरक कळत नाही. हातभर अंतरावरून कळतो.

खऱ्या फरला जागा आहे ती छोट्या, घाम न लागणाऱ्या, जवळून दिसणाऱ्या भागांत: टोपीची कड, झग्याची कॉलर, कमरेला लटकणारं शेपूट. तीही नवी घेण्यापेक्षा जुन्या कोटातून काढलेली बरी (प्रश्न १०).

२. नकली फर म्हणजे प्लॅस्टिकच ना? मग एक कापड स्वस्त आणि दुसरं इतकं महाग का?

प्लॅस्टिकच. ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे तंतू विणलेल्या कापडात अडकवून ही लव तयार होते. किमतीतला फरक मुख्यतः दाटपणाचा. स्वस्त कापडात लव विरळ असते, त्यामुळे गुडघ्यावर किंवा कोपरावर वळलं की मागचं कापड डोकावतं.

दुसरं कारण लवेची रचना. खऱ्या जनावराच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात: खाली दाट, आखूड, लोकरीसारखा थर आणि त्यावर लांब, जरा राठ, चमकदार केस. चांगल्या नकली फरमध्ये हे दोन थर दोन वेगळ्या जाडीच्या आणि लांबीच्या तंतूंनी साधलेले असतात. स्वस्त फरमध्ये सगळे तंतू एकाच उंचीचे, एकाच रंगाचे. म्हणून ती गालिच्यासारखी दिसते.

३. हातातला तुकडा खरा की नकली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा. एकीवर विसंबू नका.

लव दोन बोटांनी फाकवून मुळाशी बघा. विणलेलं कापड, त्यात ओळीने घातलेले तंतूंचे झुबके दिसले तर नकली. कातडं दिसलं तर खरी. अस्तर शिवलेलं असेल तर टाचणी टोचून बघा: कापडातून ती सहज जाते, कातड्यात अडते.

मग केसाचं टोक उजेडात धरा. खऱ्या केसाचं टोक निमुळतं होत जातं, नकलीचं बहुधा बोथट कापलेलं असतं. पण खरी फर कातरलेली असेल तर तिचीही टोकं बोथट असतात, आणि काही महागड्या नकली फरची टोकं मुद्दाम निमुळती केलेली असतात.

शेवटी जळण्याची परीक्षा. चार-पाच केस उपटून चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावा. खरे केस जळताना केस जळल्याचाच वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. नकली तंतू वितळतो, आखडतो आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. तुकड्याला काडी लावू नका, फक्त उपटलेल्या केसांना लावा.

या परीक्षेतली फसगत अशी, की मोहेर (अंगोरा शेळीचे केस) किंवा लोकरीची लव असलेल्या कापडालाही केस जळल्याचाच वास येतो. ते केस कातरून घेतलेले असतात, कातडं काढलेलं नसतं. म्हणून मुळाशी काय आहे, हीच परीक्षा निर्णायक.

४. लेबलवर 'कृत्रिम फर' स्पष्ट छापलंय. तरी तपासायचं?

हो, विशेषतः कड, गोंडे आणि टोपीच्या झालरीसारखे सुटे भाग. सशाची किंवा रॅकून डॉगची (कुत्र्याच्या कुळातला एक रानटी प्राणी) फर काही वेळा चांगल्या नकली फरपेक्षा स्वस्त पडते आणि 'नकली' म्हणून खपवली जाते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये अशाच चुकीच्या लेबलांवरून तीन विक्रेत्यांवर कारवाई केली होती. किंमत कमी म्हणजे नकलीच, हा हिशेब चालत नाही.

५. कापड किती घ्यावं?

नकली फर सहसा १५० सेंमी पन्ह्यात येते. त्या हिशेबाने मोठ्या माणसाच्या कॉलरीला आणि मनगटाच्या पट्ट्यांना अर्धा मीटर, बिनबाह्यांच्या जाकिटाला दीड मीटर, डोकं-शेपूट-पंजांना सव्वा ते दीड मीटर आणि अंगभर पोशाखाला साडेतीन ते साडेचार मीटर लागतं. साध्या कापडावर बेतताना तुकडे उलटसुलट लावून बचत करता येते, इथे येत नाही. लव सगळीकडे एकाच दिशेला पडली पाहिजे, म्हणून साध्या कापडाच्या हिशेबावर पाव भाग जास्त धरा.

खऱ्या फरला पन्हा नसतो, कातडी मोजावी लागतात. सशाचं एक कातडं साधारण ३० × ४० सेंमीचं, पण कडा, पाय आणि पोटाचा पातळ भाग सोडला की कामाचा तुकडा २५ × ३५ सेंमीच्या आसपास उरतो. कमरेपर्यंतच्या बिनबाह्यांच्या जाकिटाला अशी बारा-चौदा कातडी लागतील, आणि त्यांचे रंग जुळवणं हे वेगळंच काम. मेंढीचं कातडं मोठं, सुमारे ६० × ९० सेंमी, पण जाड आणि जड.

६. नमुन्याचा तुकडा मागवलाय. त्यावर नेमकं काय बघू?

निदान १० × १० सेंमीचा तुकडा असू द्या. तो उलटा दुमडून बोटावर ताणा. मागचं कापड दिसलं तर ते पोटाला-पाठीला चालेल, सांध्यांवर चालणार नाही. मग कुत्र्यामांजरांचे केस विंचरायचा बारीक तारांचा ब्रश घेऊन पन्नास वेळा विंचरा. सुरुवातीला थोडे केस निघणारच, कापलेल्या कडेचे असतात. मधल्या भागातून झुबके निघत राहिले तर कापड नाकारा. नंतर तुकड्याचा अर्धा भाग तळव्यांत दोन मिनिटं जोरात चोळा. काखेत आणि मांड्यांच्या मध्ये हेच होणार आहे. गुंता विंचरून सुटला तर ठीक, नमदा झाला तर त्या जागांसाठी आखूड लवेचं कापड घ्या.

उरलेल्या तुकड्यावर धुण्याची (प्रश्न १३) आणि रंगाची (प्रश्न १२) परीक्षा घ्या. मोबाइलवर फोटो काढूनही बघा. डोळ्याला बरा वाटणारा रंग फ्लॅशमध्ये चांदीसारखा चमकतो, हे आधी कळलेलं बरं.

७. फर कापली की घरभर केस होतात आणि शिवणीवर टक्कल पडतं. काय चुकतंय?

कात्री. कात्रीने आरपार कापलं की मागच्या कापडाबरोबर लवही कापली जाते, आणि ४० मिमी लांबीचे केस कडेला १० मिमीचे उरतात. शिवल्यावर ते दोन्ही बाजूंनी उभे राहतात, आणि मधे सरळ रेघ दिसते.

कापड उलटं अंथरा, लव खाली. कागदी पॅटर्न एकेरीच ठेवा, कापड दुमडून दोन तुकडे एकदम कापू नका. डावी-उजवी बाजू पॅटर्न उलटवून वेगळी आखा आणि प्रत्येक तुकड्यावर लवेच्या दिशेचा बाण काढा. हा बाण आळसाने राहतो आणि पुढे प्रश्न २२ उभा राहतो. कटरच्या धारदार पात्याने फक्त मागचं कापड चिरा, दाब अगदी हलका. चिरत गेल्यावर दोन्ही बाजू हळूच ओढून वेगळ्या करा, लव आपोआप सुटते. बारीक वळणावर छोटी टोकदार कात्री चालते, पण तिचं खालचं पातं कापडाला चिकटून, केसांच्या मुळाशी सरकलं पाहिजे.

खऱ्या फरलाही हीच रीत, फक्त ती टेबलावर ठेवून कापायची नाही. कातड्याची बाजू वर ठेवून तुकडा हातात उचलून धरायचा आणि ब्लेडने चिरायचं. खाली टेबल असलं की ब्लेड केसांवर जातं.

केस उडणारच. कापून झालेला तुकडा लगेच पिशवीत घालून झटका, कडेवरून व्हॅक्यूमचं नळकांडं फिरवा आणि काम करताना मास्क लावा. नकली फरचे बारीक तंतू घशात जाऊन दिवसभर खवखव होते.

८. घरच्या शिलाई मशीनवर नकली फर शिवता येते का?

येते. सुई १४ किंवा १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका ३ ते ४ मिमी लांबीचा, आणि फूटचा दाब कमी करता येत असेल तर कमी. मागचं कापड ताणलं जाणारं असेल तर अगदी अरुंद झिगझॅग वापरा, नाहीतर हात वर केला की टाका तुटतो.

शिलाईची माया १ सेंमी ठेवा आणि शिवण्याआधी तेवढ्या पट्टीतली लव ट्रिमरने उडवा. दोन्ही तुकड्यांची लव मशीनखाली गेली की कापड सरकतं आणि शिवण जाड, उशीसारखी होते. दोन तुकडे सुलट्याला सुलटं लावून कडेची लव बोटाने आत सारा, चिमटे लावा. टाचण्या लवेत हरवतात आणि नंतर पायाला सापडतात. लवेच्या दिशेनेच शिवा, उलट गेलात तर लव टाक्यांत अडकते. शिवून झाल्यावर सुलट्या बाजूने जाड सुईच्या टोकाने अडकलेले केस एकेक करून उपसून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण शिवण लपते ती इथेच. केस मोकळे झाले की विंचरा. मीटरभर शिवणीला पंधरा-वीस मिनिटं धरा.

इस्त्री अजिबात नाही. शिवण उलट्या बाजूने बोटाने किंवा लाकडी चमच्याच्या दांड्याने दाबा.

९. खरी फर शिवायला वेगळं काय लागतं?

चामड्याची सुई. हाताने शिवायची असेल तर तिधारी टोकाची, मशीनला लावायची असेल तर पाचरीसारख्या टोकाची. पातळ सशाचं कातडं घरच्या मशीनवर निघतं, मेंढीचं नाही. कातड्याला सुईने पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे उसवून पुन्हा शिवायचं तर कड कापूनच टाकावी लागते. कच्चे टाके घालायचे नाहीत, टाचण्या लावायच्या नाहीत.

शिलाईची मायाही जवळपास लागत नाही, २-३ मिमी पुरते. दोन कडा केस आत सारून एकमेकींना भिडवा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने कडेवरून वळसा घेत टाके घाला. दोन टाक्यांत ३ मिमी अंतर असू द्या. त्याहून जवळ घातले की शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी होते आणि त्याच रेषेत फाटते. ताण येणाऱ्या जागी, म्हणजे खांद्यावर, गळ्यावर आणि हुकाखाली, कातड्यावर सुती फीत शिवून घ्या, म्हणजे ओढ फितीवर येते. अस्तर सुटं लटकू द्या, कातड्याला चिकटवू नका.

१०. घरातल्या जुन्या फरकोटाचं काही करता येईल का?

आधी कातडं जिवंत आहे का ते बघा. अस्तर खालच्या कडेला चार बोटं उसवा आणि कातडं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणा. मऊपणे ताणलं गेलं तर उत्तम. करकर आवाज आला, पापुद्रे पडले किंवा कागदासारखं फाटलं तर ते कातडं संपलं. कमावतानाची रसायनं, उष्णता आणि कोरडेपणा यांनी आतले तंतू तुटलेले असतात. तेल-क्रीम चोळून ते परत येत नाहीत. केस मात्र छान दिसत असतात, आणि फसायला होतं ते त्यामुळेच.

काख, कोपर, गळा आणि खिशाच्या कडा आधी जातात. पाठ आणि बाह्यांचा वरचा भाग बहुधा टिकलेला असतो, तुमचं कापड तिथे आहे. थोडंसंच कमकुवत झालेलं कातडं पातळ सुती कापडावर हाताने विरळ टाक्यांनी बसवून कड किंवा शेपटासाठी वापरता येतं.

कोट कोणत्या जनावराचा आहे हे कळल्याशिवाय कापायला घेऊ नका (प्रश्न १८). भुसा भरलेलं जुनं डोकं किंवा अख्खं जनावर हाती आलं असेल तर त्याला हातही लावू नका. जुन्या काळी ते टिकवायला आर्सेनिक वापरत.

११. नकली फर खेळण्यातल्या अस्वलासारखी दिसते. तिला जिवंत कशी करू?

जनावराच्या अंगावर केस सगळीकडे सारखे नसतात. नाकावर जवळजवळ नसतात, गालावर लांब, कपाळावर आखूड, मानेवर दाट, पोटावर विरळ. आख्ख्या पोशाखाला एकाच लांबीची लव ठेवली की कापड कितीही महाग असो, ते पायपुसणंच दिसणार.

म्हणून लांब लवेचं कापड घ्या आणि कातरा. ट्रिमरला आधी सर्वांत मोठी कंगवापट्टी लावा, मग एकेक पायरी उतरा. लवेच्या दिशेने चालवलं तर टोकं गुळगुळीत उतरतात, उलट चालवलं तर झटकन खोल जातं आणि खड्डा पडतो. लांब आणि आखूड भागांच्या सीमेवर न्हाव्याची विरळ दातांची कात्री तिरकी धरून टोचत टोचत केस कमी करा, मग पायरी दिसत नाही. प्लॅस्टिकची चमकही याच कात्रीने थोडी मोडते, कारण सगळी टोकं एका पातळीत राहत नाहीत. मुखवट्याच्या नाकापासून कपाळापर्यंत ४, ८, १५ आणि ३० मिमी असा चढ चांगला दिसतो.

खऱ्या फरला ट्रिमर लावू नका. निमुळती टोकं गेली की तिचं खरेपणच जातं.

१२. हव्या त्या रंगाची फर मिळत नाही. घरी रंगवता येईल?

नकली फर बुडवून रंगवायचा बेत सोडा. सुती कापडाचे रंग या तंतूंवर चढत नाहीत, आणि कृत्रिम तंतूंच्या रंगाला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, त्यात लव कुरळी होऊन बसते. फिकट कापड घेऊन टोकांवर रंग देणं जमतं: ॲक्रिलिक रंग पाण्यात आणि फॅब्रिक मीडियममध्ये (रंग कापडावर टिकावा म्हणून त्यात मिसळायचा द्रव) पातळ करून एअरब्रशने किंवा कोरड्या ब्रशने लावा, आणि वाळेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी विंचरत राहा. विंचरलं नाही तर केस काड्यांसारखे चिकटतात. गडद कापड फिकट करता येत नाही.

खऱ्या फरचे केस प्रथिनाचे, म्हणजे आपल्या केसांसारखेच, त्यामुळे केसांचा रंग त्यांवर चढतो. पण तो फक्त केसांना लावा, कातडं भिजू देऊ नका. गरम पाणी लागलं की कातडं आकसतं आणि पुन्हा ताणलं जात नाही.

१३. धुवायची कशी?

नकली फर: टबात गार पाणी, थोडा सौम्य द्रव साबण, दाबून-सोडून दहा मिनिटं. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत पंख्याखाली वाळवा आणि किंचित ओलसर असताना टोकांकडून मुळांकडे येत विंचरा. गरम ड्रायर, हीटर, कडक ऊन टाळा. एकदा वितळून कुरळा झालेला तंतू सरळ होत नाही. रोजच्या वापरात अख्खा पोशाख धुण्याऐवजी अस्तरावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारला तरी वास जातो. फक्त अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या शाईने रंगवलेल्या भागापासून तो लांब ठेवा.

खरी फर पाण्यात घालू नका. तुरटीने कमावलेल्या कातड्यातून पाण्याबरोबर तुरटीच निघून जाते आणि वाळल्यावर ते पापडासारखं कडक होतं. कोरडा लाकडाचा भुसा किंवा मक्याचं पीठ केसांत चोळा, तासभर ठेवा, झटका आणि विंचरा. फरचं काम करणारे कारागीरही मोठ्या पिंपात भुसा घालूनच फर साफ करतात.

१४. कपाटात ठेवल्यावर कसर लागेल का?

खऱ्या फरला लागते, नकलीला नाही; प्लॅस्टिक तिच्या पोटात जात नाही. नकली फरला दाबून घडी घातल्याची मोड मात्र पडते, म्हणून रुंद खांद्याच्या हँगरवर लटकवा.

खरी फर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी सुती पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी येते. कसर लागल्याची शंका असेल तर तेवढ्यापुरती फर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर हवेतलं पाणी थंड कातड्यावर जमतं. डांबराच्या गोळ्यांचा वास केसांतून महिनोन्‌महिने जात नाही, आणि हा पोशाख तुम्ही तोंडाजवळ घालणार आहात.

१५. आत फार उकडतं. खऱ्या फरमध्ये कमी उकडेल का?

नाही. खरी फर ऊब धरण्यासाठीच असते आणि तिच्याखाली कातडंही असतं. लांब दाट नकली फरही चौरस मीटरला पाऊण ते एक किलोपर्यंत जाते. उकाडा कमी करायचा असेल तर न दिसणाऱ्या जागी फर लावू नका: काख, मांडीची आतली बाजू, बाह्यांच्या आत. तिथे त्याच रंगाचं जाळीदार कापड लावा. मुखवट्याला तोंडातून आणि कानांतून हवा जायला वाट ठेवा. अंगभर पोशाखात वीस-तीस मिनिटांनी डोकं काढून पाणी प्या. चक्कर, मळमळ किंवा घाम येणं बंद झालं तर पोशाख ताबडतोब उतरवा.

१६. रंगमंचावर मशाल, दिवे आहेत. कोणती फर सुरक्षित?

उघड्या ज्योतीजवळ कोणतीच नाही. साधं ॲक्रिलिक पटकन पेट घेतं आणि वितळून कातडीला चिकटतं. मोडॲक्रिलिक ज्योत दूर केल्यावर बहुधा विझतं, म्हणून आगीचा संबंध असेल तर लेबलवर तेच शोधा. खरे केस लोकरीसारखे जळतात, करपतात, सहसा भडकत नाहीत, पण एवढ्यावरून त्यांना सुरक्षित म्हणणं धाडसाचं आहे. आग रोखणारे फवारे तंतूनुसार वेगळे असतात. सुती कापडाचा फवारा ॲक्रिलिकवर मारून निर्धास्त राहू नका, त्याच कापडाच्या तुकड्यावर बाहेर मोकळ्यावर परीक्षा घ्या. नाट्यगृहाला कापडाचं प्रमाणपत्र लागत असेल तर ते खरेदीच्या वेळीच मागून घ्या.

१७. पर्यावरणाला कोणती बरी?

दोन्ही बाजूंचा प्रचार अर्धा खरा असतो. नकली फर खनिज तेलापासून बनते, धुताना तिचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि टाकून दिल्यावर ती कुजत नाही. खऱ्या फरला 'नैसर्गिक' म्हणतात, पण क्रोमने कमावलेलं कातडंही सहज कुजत नाही, आणि फरसाठी पिंजऱ्यात पाळलेल्या जनावरांचा प्रश्न उरतोच. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने डेन्मार्कने आपल्याकडची फरसाठी पाळलेली सगळी मिंक (मुंगसासारखा छोटा प्राणी) मारली. ती दीड कोटीच्या वर होती. फरसाठी किती मोठ्या संख्येने जनावरं पाळतात, याचा अंदाज त्यावरून यावा.

मांसासाठी पाळलेल्या मेंढीचं कातडं आणि फक्त फरसाठी पाळलेलं मिंक एका मापाने मोजता येत नाहीत. आमचं मत विचाराल तर आधी जुनं वापरा, नाहीतर चांगली नकली घेऊन ती दहा वर्षं टिकवा. एका वापरात फेकायची स्वस्त फर सगळ्यांत वाईट.

१८. खरी फर कायद्याने चालते का? परदेशी स्पर्धेला न्यायची आहे.

जनावर कोणतं, यावर सगळं अवलंबून आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा 'सायटिस' करार १९७३ मध्ये झाला आणि १९७५ पासून लागू आहे. बिबट्या, वाघ यांसारख्या प्राण्यांची कातडी सीमेपलीकडे न्यायला परवाना लागतो आणि तो पोशाखासाठी मिळेल अशी आशा धरू नका. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित प्राण्यांपासून केलेल्या वस्तू नुसत्या जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. अमेरिकेत सीलसारख्या सागरी सस्तन प्राण्यांची कातडी १९७२ च्या कायद्याने अडतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून नवी फर विकायलाच बंदी आहे, जुनी वापरलेली फर आणि मेंढीचं कातडं मात्र त्यातून वगळलं आहे.

'कोट आजोबांच्या काळातला आहे' हा परवाना नाही. जनावर ओळखता येत नसेल तर फर घरी ठेवा. नकली फर नेत असाल तर तंतूंचा प्रकार लिहिलेलं लेबल आणि एक सुटा तुकडा बरोबर ठेवा. सीमाशुल्काच्या माणसाला लव फाकवून मागचं कापड दाखवलं की काम होतं.

१९. युरोपातल्या राजाचा झगा करायचाय. त्यावरचे काळे ठिपके कसे करायचे?

ती अर्मिन. हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या स्टोट या छोट्या प्राण्याची फर, आणि ठिपके म्हणजे त्याच्या शेपटीचं काळं टोक. एक ठिपका म्हणजे एक जनावर. हे कळलं की दोन चुका टळतात: ठिपके रंगाने काढायचे नसतात आणि ते गोल नसतात.

आखूड, दाट, पांढरी नकली फर घ्या, लव १० ते १५ मिमी. पांढरीशुभ्र नको, किंचित दुधाळ. काळ्या फरच्या ४ सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्ट्या कापा, लांबीत दुमडून शिवा आणि टोक निमुळतं कातरा. पांढऱ्या लवेत छोटी चीर देऊन शेपटीचं मूळ आत सारून मागून टाका घाला. टोक मोकळं लोंबू द्या. ओळी एकाआड एक सरकवा, अंतर ८ ते १० सेंमी. आणि फर झग्याच्या बाहेर नव्हे, आत: मध्ययुगीन युरोपात ती बहुतेक अस्तर म्हणून असे आणि कडेला उलटलेली दिसे. त्यामुळे तुम्हाला सगळ्या झग्याला फर लागतच नाही, काठाला २० सेंमीची पट्टी पुरते.

२०. जनावर मारलेलं नको आणि प्लॅस्टिकही नको. तिसरं काही?

आहे. मोहेरची लव असलेलं सुती कापड, जे हाताने बनवलेल्या टेडी अस्वलांसाठी वापरतात, ते खऱ्याच्या सर्वांत जवळ जातं, पण महाग आणि पन्ह्याला बेताचं. दुसरा मार्ग लोकरीच्या धाग्याचा. ८ सेंमीचे तुकडे फितीवर दाटीने शिवा, मग तारेच्या ब्रशने विंचरून पीळ मोडा. लव तयार होते. हातभर फितीला संध्याकाळ जाते, म्हणून आयाळ, भुवया, दाढी एवढ्यापुरतंच. दोन्ही रंगवता येतात, आणि दोन्हींना कसर लागते.

२१. अंग नकली फरचं आणि कॉलर खऱ्या फरची, असं चालेल?

चालेल, कॉलर सुटी होत असेल तरच. कायमची शिवली की अख्खा पोशाख धुता येत नाही, कारण निगा नेहमी सर्वांत नाजूक भागाच्या हिशेबाने करावी लागते. कॉलरला मागून कापडाची पट्टी लावा आणि पट्टीला टिचबटणं. कातड्यावर थेट बटण ठोकलं तर तिथेच फाटेल. रंग जुळवताना दिवसाच्या उजेडात आणि मंचाच्या दिव्यात, दोन्ही ठिकाणी बघा. खिडकीत सारखे दिसणारे दोन तपकिरी रंग पिवळ्या दिव्याखाली पार वेगळे होतात.

२२. सगळं शिवून झालं आणि एका पायाची लव उलटी, वरच्या दिशेने पडलीय. आता?

विंचरून ती वळणार नाही, वाफ तर देऊच नका. लव आखूड असेल, १५ मिमीच्या आत, तर दोन्ही पाय ट्रिमरने ६-७ मिमीपर्यंत उतरवा. तेवढ्या लांबीला दिशा फारशी कळत नाही. लांब लवेला दोनच मार्ग: तो तुकडा उसवून नवा कापणं, किंवा खालच्या भागावर योग्य दिशेच्या फरचा वेगळा 'मोजा' शिवून गुडघ्याजवळ जोड लांब केसांखाली लपवणं. मोज्याला साधारण ४० सेंमी कापड लागतं. खऱ्या फरच्या बाबतीत हे झालं असेल तर उसवलेली कड ३ मिमी कापूनच पुन्हा शिवा, का ते प्रश्न ९ मध्ये आहे.